डबा रिकामा, बाटली भरलेली: माध्यमिक शाळेतल्या पहिल्या दिवसाचं एक प्रकरण

चौथ्या दिवशी सकाळी तिच्या आईचा फोन आला. "बाई, पोटात दुखतंय म्हणते, आज पाठवत नाही," एवढं सांगून त्या थांबल्या. मग जरा चाचरत म्हणाल्या, "अजून एक सांगू का? तुम्हाला हसू येईल. तिचा डबा रोज रिकामा येतो, पण पाण्याची बाटली भरलेलीच परत येते. सकाळी दिली तश्शी."

मी नव्याने येणाऱ्या मुलांची वर्गशिक्षिका आहे. पोटदुखीचे फोन पहिल्या पंधरवड्यात येतातच, त्यांचं मला नवल राहिलेलं नाही. बाटलीचं मात्र आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पुढचं सगळं त्या बाटलीपासून उलगडत गेलं. मुलीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि लिहिण्याआधी तिला व तिच्या आईला विचारलं आहे.

मुलगी कुठून आली

वय साडेअकरा. आधीची शाळा छोटी, एकमजली. एका इयत्तेला एकच तुकडी, आणि जवळजवळ सगळे विषय शिकवणाऱ्या एकच बाई. शेवटच्या वर्षी घंटा वाजवायचं काम हिच्याकडे होतं, त्यामुळे शाळा कधी सुटायची ते ही ठरवायची (घड्याळ अर्थात बाईंचं). इथे आली तर तीन मजले, इयत्तेच्या सहा तुकड्या, आठवड्याभरात नऊ शिक्षक, विषयाप्रमाणे बदलणाऱ्या खोल्या, आणि जुन्या शाळेतलं ओळखीचं एकही तोंड नाही. शाळेतली सगळ्यात मोठी मुलगी एका सुट्टीत सगळ्यात लहान झाली.

रॉबर्टा सिमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात या वयाच्या मुलामुलींचा काही वर्षं पाठपुरावा केला होता. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांतला एक मला या मुलीकडे बघताना पुन्हा पुन्हा आठवला. नुसती शाळा बदलली तर बरीच मुलं ते पेलतात. पण त्याच सुमारास वयात येणं, घर बदलणं, घरातलं काही मोडणं असे बदल एकावर एक येऊन पडले, की मार्क घसरतात, आणि मुलींच्या बाबतीत स्वतःबद्दलचं मतही घसरतं. हिच्या बाबतीत शाळेच्या जोडीला दुसरा बदल कोणता होता, ते मला दोन आठवड्यांनी कळलं. एव्हाना कुणाकुणाच्या लक्षात आलंही असेल. माझ्या आलं नव्हतं.

पहिला दिवस, बोटाने चालत

"पहिला दिवस कसा गेला?" या प्रश्नाला तिने आईला "छान", बाबांना "ठीक" आणि मला "बरा होता" अशी तीन उत्तरं दिली होती. तिन्ही उत्तरांचा अर्थ एकच होता: विचारू नका.

म्हणून मी विचारणं सोडलं. एका कोऱ्या कागदावर शाळेचा वेडावाकडा नकाशा काढला, तीन मजले एकाखाली एक, आणि तिला म्हटलं, "त्या दिवशी फाटकातून आत आलीस. आता बोटाने चालत जा." बोलायला लावलं असतं तर ती बोलली नसती. बोट मात्र निघालं. जिथे ते अडलं तिथे मी काही न म्हणता थांबले, आणि बहुतेक वेळा पुढचं ती आपणहून बोलली. हे एका बैठकीत झालं नाही, तीन-चार वेळा तो कागद काढावा लागला.

पहिलं थांबणं सभागृहात. तिथे आम्ही नव्या मुलांचं स्वागत करतो. स्वागत म्हणजे सूचना. नंतर मी त्या सूचनांचा कागद काढून मोजल्या, तर तेवीस निघाल्या. माणूस एका वेळी मनात साधारण चारच गोष्टी धरू शकतो असं नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने 2001 मध्ये मांडलं आणि ते आता बऱ्यापैकी मान्य आहे. तेवीसपैकी कुठल्या चार धरायच्या, ते आम्ही मुलांवर सोडलं होतं. गंमत अशी की गणवेश, वह्यांची कव्हरं, उशीर, मोबाइल हे सगळं त्या तेवीसांत होतं. स्वच्छतागृह कुठे आहे आणि तासाच्या मधे जायचं असेल तर काय करायचं, हे नव्हतं.

दुसरं थांबणं माझ्या वर्गात. इथे बोट नुसतं अडलं नाही, तिने ते कागदावरून उचललंच. मी हजेरी घेताना तिचं नाव चुकीचं वाचलं होतं. एका अक्षराचा फरक, पण त्याने नाव वेगळंच होत होतं. तिने "हजर" म्हटलं, कारण सेहेचाळीस मुलांसमोर बाईंना दुरुस्त कोण करणार! शेजारच्या मुलीने तेच नाव उचललं, आणि पंधरा दिवस ती आमच्या वर्गात दुसऱ्याच मुलीच्या नावाने वावरली.

तिसरा तास विज्ञानाचा, पहिल्या मजल्यावर. घंटा झाली आणि वर्ग थव्यासारखा उठला. तिचं दप्तर भरायचं होतं. वेळापत्रक नीट न कळल्यामुळे तिने त्या दिवशी सगळीच्या सगळी पुस्तकं आणली होती. ती दारात आली तेव्हा थवा गेलेला. अंदाजाने जिना चढली आणि एक मजला जास्त चढली. दार उघडलं तर आत मोठ्या मुलांचा वर्ग, सगळ्यांच्या माना दाराकडे. तिथून खाली. प्रयोगशाळेत पोचली तेव्हा पंधरा मिनिटं उलटून गेली होती, असं तिने सांगितलं.

सर म्हणाले, "या, या. आपलीच वाट बघत होतो."

त्या सरांना मी ओळखते. मुलांवर जीव असलेला माणूस आहे, आणि हे वाक्य ते प्रत्येक उशिरा येणाऱ्याला म्हणतात. वर्ग हसला, सर हसले, तास पुढे सुरू झाला. पण लहान मुलीला कुणी "अगं, ये" न म्हणता "या" म्हणतं, तेव्हा त्या आदरात किती काटे असतात ते मराठी घरात वाढलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

पंचवीस मिनिटं

मधल्या सुट्टीपाशी बोट सगळ्यात जास्त वेळ थांबलं, म्हणून मीही इथे थांबते.

तासाला निदान बाक असतो. कुठे बसायचं ते कुणीतरी सांगतं, कुणाकडे बघायचं ते ठरलेलं असतं. मधली सुट्टी ही नव्या मुलासाठी दिवसातली एकच वेळ, जेव्हा त्याने काय करायचं ते कुणीही सांगितलेलं नसतं आणि तरी सगळ्यांना ते माहीत आहे असं दिसतं. जो तो आपापल्या घोळक्याकडे जातो. घोळका नसलेल्या मुलाला उभं राहायला जागा शोधावी लागते, आणि एकाच जागी उभं राहिलं तर आपण एकटे आहोत हे दिसतं.

तिने काढलेला तोडगा मला अजून अस्वस्थ करतो. ती चालत राहिली. तळमजल्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठेतरी काम असल्यासारखी, भराभर. टोकाला पोचली की क्षणभर सूचनाफलक वाचायची आणि परत निघायची. "घाईत असलेल्याला कुणी विचारत नाही ना बाई," ती म्हणाली. शेवटची पाच मिनिटं मागच्या जिन्याखाली. डबा उघडलाच नाही. तो तिने शाळा सुटल्यावर घरी जाता जाता संपवला, तीनही दिवस, म्हणून आईला तो रिकामा दिसला. डबा लपवायचा उपाय तिला सुचला होता. पाणी ओतून द्यायचं मात्र सुचलं नाही.

आणि पाणी का प्यायली नाही? मुलींचं स्वच्छतागृह तळमजल्यावर मागच्या बाजूला आहे. सुट्टीत तिथे मोठ्या वर्गातल्या मुलींची गर्दी असते, आणि दोनपैकी एका दाराची कडी लागत नव्हती. तासाला जाऊ देतात की नाही, हे तिला माहीत नव्हतं. विचारायचं म्हणजे पुन्हा सगळ्यांच्या माना वळणार. तेव्हा हिशेब सोपा होता: प्यायचंच नाही. शाळा सुरू होण्याच्या महिनाभर आधी तिची पाळी सुरू झाली होती. हा तो दुसरा बदल. दप्तराच्या तळाशी आईने एक छोटी पिशवी दिली होती, आणि तिसऱ्या दिवशी ती लागली. चौथ्या दिवसाची पोटदुखी त्यामुळे खरीही होती आणि भीतीचीही. दोन्ही एकाच पोटात. आपण उगीच विचारतो, "खरंच दुखतंय की नाटक?"

जॅकलिन एकल्स आणि कॅरल मिजली यांनी 1989 मध्ये असं मांडलं की या वयातल्या मुलांची अडचण फक्त वयाची नसते. वयाला जे हवं असतं, नेमकं त्याच्या उलट शाळा देते. स्वतःचं स्वतः ठरवावं, घराबाहेरचं एखादं मोठं माणूस जवळचं वाटावं, असं वाटू लागतं तेव्हाच शाळेत शिस्त वाढते, शिक्षक अनेक होतात आणि दूरचे होतात. काल शाळेची घंटा वाजवणारी मुलगी आज लघवीला जायचं कसं विचारावं याचा विचार करते आहे, हे त्याहून सोपं करून मला सांगता येणार नाही.

मी आधी काय चुकीचं केलं

फोन आला त्याच दिवशी मी कामाला लागले आणि लागोपाठ दोन चुका केल्या. नावाची चूक धरली तर तीन.

पहिली, धीर दिला. "अगं, सगळ्यांचंच असं होतं, आठवड्यात रुळशील." बोलणं खोटं नव्हतं, पण तिच्या कामाचं नव्हतं. जिच्यापुढे कडी न लागणारं दार आहे, तिला धीर घेऊन काय करायचं?

दुसरी चूक जास्त उत्साहाची. वर्गातल्या सगळ्यात हुशार, बोलक्या मुलीला बोलावून सांगितलं, "हिला जरा सांभाळून घे." ती मुलगी गुणी. दोन दिवस तिने इमानेइतबारे हिला आपल्या घोळक्यात बसवलं. तिसऱ्या दिवशी घोळक्यातल्या एकीने विचारलं, "ही आपल्यात का बसते?" आणि उत्तर आलं, "बाईंनी सांगितलंय म्हणून." त्यानंतर ती पुन्हा चालायला लागली. जोडीदार देण्याची पद्धत वाईट नाही, पण मुलांमधलं सगळ्यात चमकदार मूल निवडणं ही शिक्षकांची जुनी खोड आहे. आपल्याला जे मूल आवडतं ते दुसऱ्या मुलाला सोयीचं असेलच असं नाही.

मग काय केलं

आधी डॉक्टर. सकाळची पोटदुखी भीतीची आहे असं परस्पर ठरवून टाकणं धोक्याचं असतं, आणि रोज सहा-सात तास लघवी रोखून धरल्यानेही पोटात दुखू शकतं. डॉक्टरांनी तपासलं, पाणी भरपूर प्यायला सांगितलं. बाकी काही निघालं नाही.

दुसरं, ती शाळा टाळते आहे की शाळेतलं काहीतरी, हे बघायचं होतं. ख्रिस्तोफर कर्नी आणि वेंडी सिल्व्हरमन यांनी 1990 पासून मांडलेली पद्धत मला इथे कामाची वाटते. मूल शाळेत जात नाही म्हणजे काय होतं याऐवजी, न जाऊन त्याला काय मिळतं हे विचारायचं. भीती वाटणाऱ्या जागेपासून सुटका? चारचौघांत जोखलं जाण्यापासून सुटका? घरच्यांचं लक्ष? की घरी मिळणारी मजा? आईला विचारलं, "घरी राहिली त्या दिवशी काय केलं तिने?" तर म्हणाल्या, "अहो, दिवसभर पाणी प्यायली आणि अभ्यास केला." घरात मजा नव्हती आणि लक्ष वेधायचंही नव्हतं. तिला शाळाही नको नव्हती. तिला नको होते शाळेतले काही कोपरे.

मग कोपऱ्यांवरच काम केलं. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी रिकाम्या इमारतीत फिरलो. ती पुढे, मी मागे, मी काहीही दाखवायचं नाही असं ठरवून. प्रयोगशाळेपर्यंतचा रस्ता तीनदा चालली. दुसऱ्या मजल्यावर कर्मचाऱ्यांच्या खोलीशेजारी एक स्वच्छतागृह आहे, तिथे सुट्टीतही शुकशुकाट असतो. ते वापरायची परवानगी मुख्याध्यापकांकडून घेतली, तिच्या एकटीसाठी नव्हे, नव्या वर्गांतल्या सगळ्या मुलींसाठी. तासाला बाहेर जायचं असेल तर तोंडाने विचारायचं नाही, माझ्या टेबलावरचं निळं कार्ड उचलायचं आणि जायचं. बाकी शिक्षकांनाही ते कळवलं. दोघांनी कुरकुर केली की मुलं गैरफायदा घेतील. काहींनी घेतलाही. तेवढी किंमत मला परवडण्यासारखी वाटली.

तळमजल्यावरच्या त्या दाराची कडी मात्र तीन महिन्यांनी लागली. अर्ज दोन, स्मरणपत्रं तीन, आणि लागायला पाच मिनिटं.

नावाची चूक कळली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते हजेरीत सुधारलं. नुसतं सुधारून पुढे जाता आलं असतं, पण "पंधरा दिवस मी चुकीचं वाचत होते, माझी चूक" असं वर्गासमोर म्हटलं. मागच्या बाकावरून एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, माझंपण चुकीचं वाचता." त्यालाही बहुधा त्या दिवसापर्यंत धीर झाला नव्हता.

मधल्या सुट्टीसाठी तिला मैत्रीण देण्याचा नाद सोडला आणि काम दिलं. ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावायला तीन मुलं लागतात. काम असलं की हात कुठे ठेवायचे हा प्रश्न मिटतो, आणि बोलायचंच असं बंधन राहत नाही. तिथे तिची गाठ पडली ती दुसऱ्या तुकडीतल्या एका अबोल मुलीशी. मी ती जोडी सात जन्मांत लावली नसती.

चिठ्ठ्या

विज्ञानाच्या सरांना मी पंधराव्या दिवशी सहज विचारलं, "पहिल्या दिवशी तुमच्या तासाला उशिरा कोण आलं होतं, आठवतं?" ते विचारात पडले. "आलं असेल कुणीतरी. रोजच येतं." पंधरा दिवस जिच्या मनातून ते वाक्य हललं नव्हतं, त्या मुलीचा चेहराही त्यांना आठवत नव्हता.

टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्याला अवघडल्यासारखं वाटेल असा, एका गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावून भरलेल्या खोलीत पाठवलं. त्याला वाटलं, जवळजवळ निम्म्या लोकांनी तो पाहिला. प्रत्यक्षात साधारण चौघांतल्या एकाच्या लक्षात आला होता. हे मोठ्यांचं झालं. ऐन वयात येणाऱ्या मुलांपुढे तर सतत एक काल्पनिक प्रेक्षकवर्ग बसलेला असतो, असं डेव्हिड एल्काइंड 1967 मध्येच म्हणून गेले होते.

पण हे तिला सांगून उपयोग नव्हता. "कुणाचं लक्ष नव्हतं गं" हे वाक्य म्हणजे पुन्हा धीरच. म्हणून तिसऱ्या आठवड्यात वर्गाला चिठ्ठ्या दिल्या. नाव घालायचं नाही. पहिल्या दिवशी तुमचं असं काय झालं, जे सगळ्यांनी पाहिलं असं तुम्हाला वाटलं? मी त्या गोळा करून मोठ्याने वाचल्या. एकाच्या बुटाचा तळ निघाला होता. एकीने बाईंना "आई" म्हटलं होतं (ती बाई मी, आणि मला पत्ताच नव्हता). एक मुलगा अर्धा तास भलत्याच तुकडीत बसून वही भरून आला होता. वर्ग आधी हसला, मग हळूहळू हसण्याचा सूर बदलला, कारण पुढची चिठ्ठी आपली असेल हे प्रत्येकाला माहीत होतं. सेहेचाळीसपैकी एकेचाळीस चिठ्ठ्यांवर काहीतरी लिहिलेलं होतं. हिच्या उशिराबद्दल फक्त एक चिठ्ठी होती, आणि अक्षर तिचंच होतं.

यामागची कल्पना माझी नाही. जेफ्री बोरमन आणि सहकाऱ्यांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अकरा शाळांमधल्या 1,304 मुलांपैकी काहींना वर्षाच्या सुरुवातीला दोन छोटे लेखनाचे पाठ दिले होते. आधीच्या वर्षीच्या मुलांचे अनुभव वाचायचे (आम्हालाही असंच परकं वाटलं होतं, मग हळूहळू निवळलं) आणि स्वतः त्यावर लिहायचं. ज्यांनी हे केलं त्यांची गैरहजेरी आणि नापास होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिलं. माझ्या चिठ्ठ्या त्याची घरगुती नक्कल. त्यांनी मोजलं, मी मोजलेलं नाही. चिठ्ठ्यांनी फरक पडला की निळ्या कार्डाने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. माझा कल कार्डाकडे आहे.

पुढे

आईने घरी "कसा गेला दिवस?" विचारणं बंद केलं. त्याऐवजी "आज कुठल्या जिन्याने गेलीस?", "ग्रंथालयात आज किती पुस्तकं लावलीत?" असे प्रश्न. जिन्याच्या प्रश्नाला "छान" असं उत्तर देता येत नाही. बाटली आधी अर्धी रिकामी येऊ लागली, दुसऱ्या महिन्यात पूर्ण.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दर सोमवारी सकाळी पोटदुखी पहिलं सत्र संपेपर्यंत चालू होती. वर्गात ती आजही आपणहून हात वर करत नाही. विज्ञानात मार्क चांगले आहेत, पण प्रयोगशाळेत ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसते, घंटा व्हायच्याही आधी, आणि त्यासाठी आधीच्या तासाला दोन मिनिटं लवकर दप्तर भरते. त्या तासाच्या शिक्षिका याबद्दल तक्रार करतात. मी त्यांना काही म्हटलेलं नाही, आणि तिलाही.

हा मजकूर लिहून झाल्यावर तिला वाचायला दिला. आता ती पुढच्या इयत्तेत आहे. तिने पेन्सिलीने दोनच खुणा करून कागद परत केला. एक, जिन्याखाली ती पाच नाही, दहा मिनिटं बसली होती. आणि विज्ञानाच्या तासाला झालेल्या उशिराच्या "पंधरा मिनिटं" या शब्दांखाली रेघ ओढून शेजारी लिहिलं होतं: "चार-पाचच असतील."